प्रभारी राजदूत हा राजदूत नसतो: लंडनमध्ये प्रोटोकॉलच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

लंडनमधल्या एका छोट्या देशाच्या दूतावासात मी स्थानिक कर्मचारी म्हणून लागले तेव्हा दूतावास आणि राजदूतांचे नियम ठरवणारा १९६१चा व्हिएन्ना करार मला जवळजवळ पाठ होता. तरीही पाचव्या महिन्यात माझ्या हातून जे झालं, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

आमचं रोजचं काम दोन ठिकाणांशी: ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा प्रोटोकॉल म्हणजे राजशिष्टाचार विभाग आणि परदेशी राजदूतांचं राजवाड्यातलं काम पाहणाऱ्या ‘मार्शल ऑफ द डिप्लोमॅटिक कोअर’ यांचं कार्यालय. पहिल्या जेम्सच्या काळात, १६०३ साली, ‘मास्टर ऑफ द सेरेमनीज’ म्हणून हे पद सुरू झालं. १९२०मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. नवा राजदूत अधिकारपत्रं, म्हणजे आपल्या नेमणुकीची पत्रं, सादर करायला निघतो तेव्हा मार्शल राजवाड्याची घोडागाडी घेऊन त्याला न्यायला येतात. राजदूताच्या गाडीला दोन घोडे, राष्ट्रकुलातल्या उच्चायुक्ताच्या (राष्ट्रकुल देशाच्या राजदूताला तिथे हेच म्हणतात) गाडीला चार. अधिकारपत्रांसोबत आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं पत्रही लागतं. ते विसरू नका. हे सगळं शिकता येतं, त्याची धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायची ती बसण्याच्या क्रमाची.

आमच्याकडे जेवण होतं, बावीस पाहुणे. तिसऱ्या मानाच्या खुर्चीवर एक ज्येष्ठ राजदूत. आदल्या दिवशी ते कायमचे मायदेशी गेले आणि त्यांच्या दूतावासातून निरोप आला की प्रभारी, म्हणजे नवा राजदूत येईपर्यंत काम पाहणारे अधिकारी, येतील. मी जुनं कार्ड काढलं, नवं नाव छापलं आणि त्याच खुर्चीसमोर ठेवलं. देश तोच, मग खुर्चीही तीच, असं मला वाटलं. ‘प्रभारी राजदूत’ या आपल्या शब्दानेही घात केला. त्यात ‘राजदूत’ ऐकू येतं, म्हणून मनात दर्जाही तोच धरला गेला.

पण खुर्ची देशाची नसतेच. कराराच्या १६व्या कलमाप्रमाणे क्रम ठरतो तो त्या व्यक्तीने पदाची सूत्रं कधी घेतली त्या तारखेवर आणि वेळेवर, तोही आपापल्या वर्गात, म्हणजे राजदूतांचा राजदूतांमध्ये. हंगामी प्रभारी सगळ्या राजदूतांच्या खाली बसतो, मग त्याचा देश कितीही मोठा असो. राजदूत गेला की त्याची ज्येष्ठता त्याच्याबरोबर जाते, आणि खालचे सगळे एकेक जागा वर सरकतात. मी एक कार्ड बदललं होतं. बदलायला हवी होती पुढची सगळी. चौथ्या जागेवरचे राजदूत आले, डावीकडचं कार्ड वाचलं, स्वतःचं कार्ड उचलून पालथं ठेवलं आणि उभेच राहिले. सूप येईपर्यंत उभे होते. मला कुणी ओरडलं नाही, पण पुढचे तीन महिने याद्या माझ्याकडे आल्या नाहीत.

एवढ्याशा गोष्टीला इतकं महत्त्व कशाला, असं वाटेल. ३० सप्टेंबर १६६१ रोजी याच शहरात स्वीडनच्या राजदूताच्या स्वागताला फ्रान्स आणि स्पेनच्या राजदूतांच्या गाड्या आल्या होत्या. पुढे कुणाची गाडी, यावरून रस्त्यावर तलवारी निघाल्या, माणसं मेली. स्पॅनिश लोकांनी घोड्यांच्या जुंपणीत चामड्याऐवजी लोखंडी साखळ्या वापरल्या होत्या, कुणी कापू नयेत म्हणून. तारखेवरून क्रम लावायचं १८१५मध्ये व्हिएन्नातल्या युरोपीय राष्ट्रांच्या परिषदेत ठरलं, ते असल्या भांडणांना कंटाळूनच. मानपान काय असतो हे आपल्याला निराळं सांगायला नको. शिवरायांच्या अष्टप्रधानांत परराज्यांच्या वकिलांचा सत्कार पाहायला सुमंत होते, ते उगीच नव्हे.

म्हणून सांगते, मागच्या कार्यक्रमाची एक्सेल फाइल उघडून नावं बदलण्याचा शॉर्टकट घेऊच नका. यादी दर वेळी कोऱ्या पानावर, तारखांवरून लावा. आणि गुरू निवडताना राजवाड्यातल्या मेजवान्यांचे किस्से सांगणाऱ्या निवृत्त साहेबांच्या मागे लागू नका. मला खरं शिकवलं ते आमच्या कचेरीत वीस वर्षं नोंदवही ठेवणाऱ्या बाईंनी. त्या दर सकाळी कोण शहरात आहे, कोण गेलं, कोण प्रभारी आहे, एवढंच पेन्सिलने लिहीत.

चूक झाली तर त्याच दिवशी आपल्या वरिष्ठांना सांगा. मी दोन दिवस लपवलं. तेच जास्त महागात पडलं. नोकरी मात्र गेली नाही. पुढच्या वर्षी आमचे नवे राजदूत अधिकारपत्रं देऊन परतले, तेव्हा त्या दिवसाची सगळी यादी माझी होती. गाडीतून उतरल्यावर घोड्यांना गाजरं द्यायची पद्धत आहे. ती सोललेली गाजरं कागदी पिशवीत घेऊन मी दाराशी उभी होते.