लांबलचक नोंदीत टाइप करताना मोबाइल अडखळत असेल तर

मोबाइलवरील एकाच नोंदीत महिनोन्‌महिने भर पडत गेली की टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला क्षणभर थांबावे लागते आणि खोडण्याचे बटण दाबून धरले, तर काहीच घडत नाही असे वाटेपर्यंत अख्खे वाक्य नाहीसे झालेले असते. अशा वेळी दोष फोनचाच असतो असे नाही. अनेक ॲप संपूर्ण नोंद एकाच चौकटीत ठेवतात, त्यामुळे एक स्वल्पविराम घातला तरी ओळींची मांडणी, शुद्धलेखन तपासणी आणि आपोआप जतन करणे ही कामे मोठ्या मजकुरावर पुन्हा करावी लागू शकतात.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे महिन्यानुसार किंवा विषयानुसार नोंदीचे भाग पाडणे. ॲपमध्ये दुव्यांची सोय असेल, तर त्या सर्व भागांचे दुवे असलेली एक छोटी अनुक्रमणिका करावी. मात्र आधी मूळ नोंदीची प्रत काढून ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन, कारण मोठा मजकूर निवडताना बोट सहज घसरते. ‘कट’ऐवजी ‘कॉपी’ वापरावे आणि नव्या नोंदीत शेवटची ओळ आली आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावरच जुना मजकूर खोडावा.

नोंद अखंडच हवी असेल, तर नवा मजकूर कोऱ्या नोंदीत लिहून, तपासून, मग एकदाच मूळ नोंदीत पेस्ट करावा. शुद्धलेखन तपासणी तात्पुरती बंद करूनही काही वेळा फरक पडतो.