घर बघायला जाताना आधी पिंपं मोजा

टेम्पोत सामान चढवून झालं, दोर आवळला, की मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारतो. "घर का सोडताय?" नाशिकमध्ये 2003 पासून मी घरसामान हलवायचं काम करतोय. आधी दुसऱ्याच्या गाडीवर हमाली केली, मग स्वतःचा छोटा हत्ती घेतला, आता एक 407 ट्रक पण आहे. इतक्या वर्षांत या प्रश्नाला "घर लहान पडलं" असं उत्तर फार थोड्यांनी दिलं. पाणी पुरत नाही, पोरांना शाळेत पोचवता पोचवता जीव जातो, आईला वरच्या मजल्यावर करमत नाही, पावसात भिंतीला ओल येते, हीच उत्तरं जास्त. घर घेताना आपण टाइल्स बघतो, ओटा बघतो, बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो का ते बघतो. आणि घर सोडतो ते पहिल्या दिवशी न दिसलेल्या गोष्टींपायी. भाड्याने घ्या नाहीतर विकत, त्या न दिसणाऱ्या गोष्टी आधी कशा शोधायच्या ते सांगतो.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीने करतो. 2011 साली मी म्हसरूळच्या पुढे एका नव्या इमारतीत वन बीएचके घेतला. भाव परवडला, हवा छान, समोर चामरलेणी. बायको नाशिकरोडला एका बालवाडीत शिकवायची. म्हणजे म्हसरूळहून निमाणी, तिथून शालिमार, शालिमारहून शेअर रिक्षाने द्वारका ओलांडून नाशिकरोड. घर बघायला आम्ही रविवारी दुपारी मोटरसायकलवर गेलो होतो. रस्ता मोकळा होता, पटकन पोचलो आणि मी तिला म्हणालो, "अगं, काही लांब नाहीये." रोजच्या दिवशी तोच रस्ता जाताना सव्वा तास आणि येताना दीड तास व्हायचा. पाच वर्षं तिने ते सोसलं. पाठीचं दुखणं मागे लागलं तेव्हा माझे डोळे उघडले. 2016 ला ते घर विकून आम्ही जेलरोडला आलो. जागा आधीपेक्षा लहान आहे, पण बायको चालत शाळेत जाते. त्या पाच वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून घर शोधणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो: घरातलं सगळ्यात जास्त बाहेर कोण जातं आणि सगळ्यात जास्त घरात कोण बसतं, ही दोन माणसं आधी ठरवा. घर त्या दोघांसाठी बघायचं. बाकीचे जुळवून घेतात.

बाहेर जाणाऱ्याचा रस्ता त्याच्याच वेळेला, त्याच्याच वाहनाने एकदा करून बघा. बसने जाणार असाल तर सिटीलिंकच्या थांब्यावर जाऊन उभे राहा आणि गाडी किती वेळाने येते ते घड्याळात बघा. मधे द्वारका किंवा मुंबईनाका लागत असेल तर सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी साडेसहाला जायचं. उड्डाणपुलावरून आग्रा रोडची गाडी निघून जाते, पण आपण शहरातली माणसं पुलाखालीच अडकतो. मुंबईला अपडाऊन करणाऱ्याने नाशिकरोड किंवा देवळालीशिवाय दुसरीकडे बघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडला येते. गंगापूररोडला राहणाऱ्या माणसाला ती गाठायची तर रोज पहाटेच घर सोडावं लागतं. असे दोघे मीच नाशिकरोडला हलवले आहेत.

आता पाणी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

नाशिक धरणांच्या उशाशी आहे. गंगापूर धरण आहे, मुकणे आहे, नाशिकरोडकडे दारणेचं पाणी आहे. त्यामुळे इथे पाण्याची काळजी कशाला, असं बाहेरून आलेल्यांना वाटतं. पण धरणात पाणी असणं आणि तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाणी असणं यात फार अंतर असतं. मधे इमारतीची टाकी असते, मोटर असते आणि कधी कधी नळजोडणीच घेतलेली नसते, नुसत्या बोअरवर भागवतात. आमच्या म्हसरूळच्या इमारतीत तसंच होतं. बिल्डर म्हणाला होता, दोन महिन्यांत जोडणी येईल. दोन वर्षं आम्ही बोअरच्या पाण्यावर काढली. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर चढायचा.

म्हणून घर बघायला गेलात की पिंपं मोजा. मी सामान उचलतो म्हणून मला हे ठाऊक आहे. पाणी नीट येतं त्या घरातून एखादं पिंप निघतं, तेही तांदळाचं. पाण्याचे हाल असतात त्या घरातून तीन निळी पिंपं, सात-आठ बादल्या आणि सिंकखाली ओळीने लावलेल्या पाण्याच्या बाटल्या निघतात. तुम्ही बघायला जाल तेव्हा आधीचे भाडेकरू अजून तिथेच असतील तर स्वयंपाकघरात आणि मोरीत नजर टाका. घर रिकामं असेल तर शेजारच्यांचं दार वाजवा. नळाच्या तोंडाशी पांढरे क्षार दिसतात का बघा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: "शनिवारी पाणी बंद असलं की रविवारी काय करता?" दुरुस्तीसाठी शनिवारी पाणीपुरवठा बंद आणि रविवारी सकाळी कमी दाबाने, ही बातमी नाशिककरांना नवीन नाही. "काही कळतही नाही" असं उत्तर आलं तर टाकी मोठी आहे. "टँकर मागवतो" म्हणाले तर मेंटेनन्सचे पैसे कुठे जातात तेही लगेच विचारून घ्या. हे एजंटला विचारू नका. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना विचारा. दिवसभरात पाच घरांचे नळ त्यांच्या हाताखालून जातात.

पावसाचं दुसरं. आपल्याकडे पाऊस त्र्यंबकच्या बाजूने वाऱ्यासकट येतो आणि इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो. त्या भिंतीला लागून बेडरूम असेल तर कपाटामागे बघा. मी कपाट ओढतो तेव्हा मागे काळी बुरशी आणि सुटलेले पोपडे दिसतात, आणि घरातल्या बाईंनाही ते तेव्हाच पहिल्यांदा दिसतं. तळमजल्याचं घर असेल तर कपाटाचे, फ्रिजचे पाय विटांवर ठेवलेत का ते बघा. हौसेने कोणी कपाटाखाली विटा घालत नाही. त्या घरात पाणी शिरलेलं असतं.

गोदेच्या किंवा नासर्डीच्या काठाला घर घेणाऱ्यांनी तर चौकशीत कसूरच करू नये. 2008, 2016, 2019 हे तीन पूर आमच्या डोळ्यांदेखत गेले. 2019 च्या ऑगस्टमध्ये, ज्याच्यावरून आम्ही गोदेचा पूर मोजतो तो नदीतला दुतोंड्या मारुती पाण्याखाली होता, आणि मी दोन गाड्या लावून काठावरच्या घरांतलं सामान वर नेत होतो. गाद्या भिजल्या की एकेक गादी उचलायला चार माणसं लागतात. नासर्डीला आता नंदिनी म्हणतात, पण पावसाळ्यात ती जुनीच नासर्डी असते. सराफ बाजाराकडे नदी नाही, सरस्वती नाला आहे, आणि जोराचा पाऊस झाला की दुकानांत पाणी त्या नाल्याचं शिरतं. म्हणून आसपास नदी दिसत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. नगररचना विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते, ती वकिलाकडून तपासून घ्या. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही विचारा, "एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो हाताने भिंतीवर खूण दाखवतो.

आता भागांबद्दल. अंबड किंवा सातपूरच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्याला सिडकोसारखं दुसरं ठिकाण नाही. घरं लहान, गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही. पण पवननगरच्या बाजारात भाजी ताजी मिळते, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पहाटे चहा मिळतो आणि शेजारी हाकेला ओ देतात. तिथे विकत घेणार असाल तर जागा भाडेपट्ट्यावरची आहे की फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, झाली आहे आणि हस्तांतराचे कागद पूर्ण आहेत का, हे आधी बघा. गंगापूररोड, कॉलेजरोड महाग आहेत. मुलं कॉलेजात असतील तर ते पैसे वसूल होतात, नसतील तर मला तो खर्च पटत नाही. गंगापूररोडला आणि छत्रपती संभाजीनगर रोडला लॉन्स पुष्कळ, तेव्हा लग्नाच्या तिथीला रात्री नऊ वाजता जाऊन आवाज आणि गर्दी अंगावर घेऊन बघा. इंदिरानगर, पाथर्डी फाटा नोकरदार जोडप्यांना मानवतो. जुन्या नाशकातले वाडे मला मनापासून आवडतात, पण धोकादायक वाड्यांना दर पावसाळ्याआधी नोटिसा जातात, आणि भिंत पडल्याची बातमी येते ती खोटी नसते. वाड्यात भाड्याने राहायचं असेल तर माळवदाच्या तुळया आधी बघून घ्या.

पंचवटीत देवदर्शन, बाजार समिती, डॉक्टर सगळं पायाशी आहे. पण 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तिन्ही पर्वण्यांना, म्हणजे मोठ्या स्नानांच्या दिवशी, तपोवन आणि रामकुंडाच्या बाजूला आम्हाला गाडी घालता आली नाही. ज्यांना तेव्हा घर बदलायचं होतं त्यांनी आठ-आठ दिवस वाट पाहिली. 2027 ला पुन्हा सिंहस्थ आहे. दवाखान्यात नेहमी जावं लागणारं माणूस घरात असेल तर याचा विचार आत्ताच करा.

घरात बसणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. काही वर्षांपूर्वी तिळभांडेश्वर गल्लीतल्या एका वाड्यातून मी एका आजी-आजोबांचं सामान मुलाच्या फ्लॅटवर नेलं. गंगापूररोडला, नवव्या मजल्यावर. घर देखणं होतं, मुलगा-सून प्रेमाची. चौदा महिन्यांनी त्याच मुलाचा फोन आला, सामान परत हलवायचंय. मी गेलो तर आजींनी लोखंडी खलबत्ता जुन्या लुगड्यात गुंडाळून दाराशी ठेवला होता. म्हणाल्या, "दादा, हा नीट ठेवा. इथे आल्यापासून वापरलाच नाही. कुटायला घेतलं की खालून बेल यायची." मग जिन्यात बसून त्या बोलत राहिल्या. वाड्यात सकाळी ओट्यावर बसलं की भाजीवाली थांबायची, दळणाचा डबा घेऊन जाणारा मुलगा थांबायचा, कोणीतरी विचारायचं, "काकू, चहा झाला का?" वर दिवसभर कुणी विचारलं नाही. मुलाने समजूतदारपणे त्यांच्यासाठी पंचवटीत दुसऱ्या मजल्यावर घर बघितलं होतं. खाली किराणा, समोर मारुतीचं देऊळ. सामान लावून आम्ही निघालो तेव्हा वरून खलबत्त्याचा आवाज येत होता.

तेव्हापासून वयस्कर माणसांसाठी घर बघणाऱ्यांना मी सांगतो, त्यांना बरोबर न्या आणि तिथे तासभर एकटं बसू द्या. खाली उतरून बसायला कट्टा आहे का, चालत जाता येईल एवढ्यावर औषधाचं दुकान आहे का, लिफ्ट बंद पडली तर काय. लिफ्टच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका.

एवढं सगळं बघूनही घाई नको. विकत घ्यायचं असेल तर आधी त्याच भागात अकरा महिने भाड्याने राहा. त्यात बहुतेक वेळा एक पावसाळा आणि एक मे महिना जातो, आणि या दोन ऋतूंत जागेचं सगळं कळतं. भाडेकराराची नोंदणी करून घ्या, ती कायद्याने लागतेच. आमचं दोनदा सामान हलवायचं भाडं जास्त जाईल, पण चुकीच्या घराचा हप्ता वीस वर्षं जातो.

कागदपत्रांचं काम वकिलाचं आहे, मी थोडक्यात सांगतो. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. भाव कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर बोला. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय राहायला जाऊ नका, नळजोडणीचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच अडलेला असतो. जुन्या फ्लॅटचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल, काढा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, हे कित्येकांना माहीत नसतं. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जेलरोडचं घर आम्ही बायकोच्या नावावर घेतलं, तेव्हा मात्र ही सवलत नव्हती.

घर ठरलं की टेप घेऊन जा. लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट असतं, बऱ्याच लिफ्टमध्ये ते उभं मावत नाही, आणि जिन्याचं वळण अरुंद असेल तर ते दोराने गॅलरीतून चढवावं लागतं. सोसायटीत सामान आणायची वेळ ठरलेली असते, ती आधी विचारा. आणि एक गोणी वेगळी भरा: शेगडी, चहा-साखर, एक पातेलं, दोन बल्ब, झाडू, रात्रीची औषधं, पोरांचे दुसऱ्या दिवशीचे गणवेश. ती गोणी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवायला सांगा, म्हणजे उतरताना सगळ्यात आधी हाताशी येते.