शाळेच्या खिचडीत गावची भाजी: या चुका टाळा

गावच्या शाळेने गावच्याच शेतातली भाजी घ्यावी, हे सांगत मी तालुक्यातल्या झेडपी शाळा फिरते. हे व्हावं असं मनापासून वाटतं. म्हणूनच दरवर्षी त्याच त्या चुकांनी काम बंद पडलेलं बघून जीव तुटतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे हिशेब न मांडता शेतकऱ्याला शब्द देणं. पोषण आहाराच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरली आहे, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम. म्हणजे १०० मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला लागते ५ किलो. एवढीच. हा हिशेब न करताच मी एका ग्रामसभेत उभी राहून म्हणाले होते, "तुम्ही पिकवा, शाळा घेईल." एका दादांनी ते मनावर घेतलं आणि १० गुंठे कोबी लावला. साडेतीन हजारांवर रोपं. गड्डे भरले तसे ते शाळेत आले.

"ताई, किती आणू?"

"आज पाच किलो, दादा."

"अन् बाकीचा?"

आठवड्यातून दोनदा कोबी केला तरी शाळेत महिन्याला खपणार ४० किलो, आणि वावरात उभा होता टनांनी. शेवटी त्यांनी तो मिळेल त्या भावाने बाजार समितीत घातला, गाडीभाडं अंगावर पडलं. पुढची दोन वर्षं ते शाळेच्या कुठल्याच बैठकीला आले नाहीत. चूक माझी होती.

तेव्हापासून बैठकीआधी मी हजेरी बघते. पटावरची मुलं नव्हे, प्रत्यक्ष जेवणारी. आठवडी बाजाराच्या दिवशी किती असतात, लग्नसराईत किती, तेही विचारते. आणि शाळेसाठी म्हणून वेगळं पीक लावायला कुणालाच सांगत नाही. ज्यांच्या बांधावर, विहिरीजवळ, घरामागे भाजी आधीपासून आहे अशी चार-पाच घरं धरते आणि वार वाटून देते. खरंच जास्त माल उचलायचा असेल तर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, आठ-दहा शाळांनी एकत्र यावं लागतं. त्याला एक वर्ष जातं. पहिल्याच महिन्यात फोटो हवा असणाऱ्यांना हे पटत नाही, पण मला दुसरा रस्ता सापडलेला नाही.

दुसरी चूक पैशांची. इंधन-भाजीपाल्याचं अनुदान महिनोन्‌महिने लांबतं, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. किराणा दुकानदार तोवर उधारी ओढतो. दोन कॅरेट भाजीवर आठवडा काढणारी बाई कशी ओढेल? तिला "पैसे येतीलच" म्हणून थांबवणं हा अन्याय आहे. मी आधी शाळा व्यवस्थापन समितीकडून लोकवर्गणीची थोडी रक्कम बाजूला काढून घेते, दर शनिवारी वहीत वजन-भाव लिहून पैसे चुकते करते आणि अनुदान आलं की रक्कम परत भरते. जिथे ही रक्कम उभी राहत नाही, तिथे मी काम सुरूच करत नाही.

"सगळंच स्थानिक हवं" हा हट्टही सोडा. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाचा येतो. डाळी, तेल, मसाला बहुतेक गावांत पुरवठादार टाकतो. त्यात मुख्याध्यापकांच्या हातात काही नसतं. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. भाजी त्यांच्या हातात आहे, तिथून सुरुवात करा.

ब्राझीलचं उदाहरण बैठकीत हमखास निघतं: २००९च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के वाटा कुटुंबशेतीच्या मालासाठी राखला. ते खरंच आहे. पण त्याच कायद्यात भाव बाजाराशी जुळता असेल तर टेंडरशिवाय खरेदीची मुभा आहे, आणि त्या भागात काय पिकतं ते बघून आहार ठरवायला सांगितलं आहे. हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे उलटं चालतं. आधी भिंतीवर वारांचा तक्ता रंगतो, मग एप्रिलमध्ये मेथी शोधत फिरतात. तक्ता खडूने लिहा. थंडीत मेथी, पालक, गाजर. उन्हाळ्यात दुधी, लाल भोपळा. शेवगा लागेल तेव्हा शेवगा.

स्वयंपाकी ताईंना न विचारता पालेभाजी ठरवू नका. १०० मुलांमागे दोघीच असतात. निवडायचा वेळ त्यांचा जातो.

भाजी घेताना शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा आणि औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस मोजा. लहान मुलांच्या ताटात जाणारं आहे, इथे भीड नको.

परसबाग जरूर करा, पण तिच्या भरवशावर शेतकऱ्याला नाही म्हणू नका. मे महिन्यात पाणी घालायला कुणी नसतं.

आणि सुट्ट्या आधी कळवा. दिवाळीची सुट्टी लागली हे वार असलेल्या घराला त्या सकाळी कळतं, तोवर पहाटेच भाजी काढून झालेली असते.