कौटुंबिक हिंसाचाराच्या (डीव्ही) केसच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील कसे करावे

न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला, किंवा पोटगी दिली पण ती खोलीच्या भाड्यालाही पुरत नाही, की कितीतरी बायका आदेशाचा कागद कपाटात ठेवून गप्प बसतात. तसे करू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मधल्या कलम 29 ने सत्र न्यायालयात दाद मागण्याचा हक्क दिला आहे. त्याला फौजदारी अपील म्हणतात, पण इथे कोणाला शिक्षा सुनवायची नसते. खालच्या कोर्टाचा आदेश बरोबर होता का, एवढेच तपासले जाते.

मुदत. 30 दिवस. ती आदेशाची प्रत पक्षकारांना मिळाल्यापासून मोजतात, आणि दोघांपैकी ज्याला नंतर मिळाली त्याची तारीख धरतात. तरी आदेशाच्या दिवसापासूनच मोजा, म्हणजे वाद उरत नाही. कलम 24 नुसार प्रत मोफत मिळते. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. त्यात आजारपण, बाळंतपण, जे खरे कारण असेल ते तारखांसह आणि दवाखान्याच्या कागदांसह लिहा. मोघम कारण टिकणे कठीण.

वकील. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर 15100.

अपिलाचा मसुदा. सगळा जीव इथे ओता. आदेश पेन्सिल घेऊन वाचा आणि कोर्टाने काय पाहिलेच नाही ते शोधा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्याने काही हलत नाही. ‘निशाणी 14 वर (निशाणी म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) नवऱ्याचे पगारपत्रक आहे, त्याचा आदेशात उल्लेखच नाही’ असे लिहिले की न्यायाधीश ते पान उघडून पाहतात. पोटगी आदेशाच्या तारखेपासून दिली असेल तर तोही मुद्दा घ्या, कारण ती अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्याच कारणाने राहण्याचा हक्क नाकारला असेल, तर त्याच वर्षीचा सामायिक घराबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांना दाखवायला सांगा.

अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशावरही अपील चालते. मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्ये ते स्पष्ट केले आहे. मात्र तिथे सत्र न्यायालय सहसा हात आखडता घेते. आदेश मनमानी किंवा उघड चुकीचा आहे हे दाखवावे लागते. नोकरी गेली, मुलांचा खर्च वाढला, असे काही आदेशानंतर घडले असेल तर अपील नको, कलम 25 खाली त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे बदलाचा अर्ज करा.

नवऱ्याने अपील केले तर. ‘आता अपील झाले, पैसे मिळणार नाहीत’ असे ऐकवले जाते. विश्वास ठेवू नका. नुसते अपील दाखल झाल्याने आदेश थांबत नाही, त्यासाठी स्थगिती मिळवावी लागते. तोवर खालच्या कोर्टात वसुलीचा अर्ज चालू ठेवा. स्थगितीचा अर्ज आलाच तर थकबाकी आधी कोर्टात भरायला लावा, अशी लेखी मागणी करा.

तारखा पाहायला ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा अक्षरे आणि अंक मिळून 16 चिन्हांचा ओळख क्रमांक, टाका. सत्र न्यायालयातही निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयाचा मार्ग राहतो.

आणि अपील चालू असताना नवरा दारात येऊन धमकावत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. 112 किंवा 181 वर लगेच फोन करा. संरक्षण आदेश लागू असेल तर तो मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे: कलम 31 नुसार एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतलेली असू द्या.