वीज गेली तरी रेकॉर्डिंग वाचतं: माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांकडच्या मुनिमांना बिलिंगचं सॉफ्टवेअर शिकवायचं काम मी करतो. त्याच त्या शंका, रोज फोन. म्हणून व्हिडिओ करायचे ठरवले. आधीचा रेकॉर्डर एकाच प्रोग्रॅमची विंडो टिपायचा. एक्सेलमधली यादी आत कशी घ्यायची हे दाखवताना एक्सेल दिसायचंच नाही, नुसता माझा आवाज.

मग ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, व्हिडिओवर शिक्का उमटत नाही, वेळेची मर्यादा नाही. सोर्सेसमध्ये 'डिस्प्ले कॅप्चर' टाकलं की सगळा स्क्रीन येतो.

पण ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग होत आलं आणि वीज गेली. एमपी४ फाइल उघडेचना. फार जीव हळहळला. साधी एमपी४ शेवटी नीट बंद झाली नाही तर तिची अनुक्रमणिकाच लिहिली जात नाही. तेव्हापासून सेटिंग्जच्या आउटपुटमध्ये फॉरमॅट एमकेव्ही (व्हिडिओ फाइलचाच दुसरा प्रकार) ठेवतो; वीज गेली तरी तोवरचं सगळं शाबूत राहतं. नंतर फाइल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने तिची एमपी४ करून घेतो, दर्जा तसूभरही उतरत नाही.

आणि रेकॉर्डिंगआधी विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरच्या अक्षरांचा आकार, १५० टक्के करा. मुनीमकाका व्हिडिओ मोबाइलवर बघतात. बिलातले बारीक रकाने त्यांना दिसायला हवेत.