मुलांच्या खोलीत आकाश रंगवताय? आधी खिडकीतून नीट बघून घ्या

आकाशाची भिंत करायची म्हणून निळा डबा आणायचा, सगळीकडे रोलर फिरवायचा, वर गोल गोल पांढरे ढग काढायचे, असं बरेच जण करतात आणि मग ती निळी भिंतच दिसते, आकाश काही दिसत नाही. एखाद्या स्वच्छ दिवशी बाहेर बघा, डोक्यावर निळा गडद असतो आणि क्षितिजाकडे येता येता फिकट होत पार पांढरट होतो, कारण तिकडे बघताना आपली नजर कितीतरी जास्त हवेतून जाते. वरून खाली फिकट होणारा हा निळा जमला ना, की मग ढग नसले तरी चालतं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

आधी भिंतीची तयारी. ओल असेल तर ती दुरुस्त केल्याशिवाय रंगाला हात लावू नका, सहा महिन्यांत पोपडे निघतील. भेगा आणि खिळ्यांची भोकं पुट्टीने भरा, वाळली की पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसा, प्रायमरचा एक हात मारा. घर फार जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तसा रंग कोरडा घासायचाच नाही, ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, आधी तपासून घ्या. 

रंग पाण्यातला इमल्शन घ्या, लो व्हीओसी (म्हणजे हवेत कमी रसायनं सोडणारा) लिहिलेला, आणि मॅट. ग्लॉसी रंगावर खिडकीचा उजेड चमकतो नि सगळी मजा जाते.

एकच निळा आणि पांढरा एवढ्यात काम होतं. तीन डबे करा: एकात निळा तसाच, दुसऱ्यात निम्मा निळा निम्मा पांढरा, तिसऱ्यात पांढऱ्यात अगदी थोडासा निळा. एकदाच भरपूर मिक्स करा, संपल्यावर तीच शेड पुन्हा जमत नाही. पुठ्ठ्यावर लावून वाळू द्या आणि मगच ठरवा, कारण वाळल्यावर शेड बदलते, बहुतेक वेळा थोडी गडदच होते.

आता मुख्य काम. आधी पूर्ण भिंतीला मधल्या शेडचा एक हात मारून वाळू द्या. मग पंखा बंद करा आणि शक्यतो दोघं जण लागा. मी पहिल्यांदा वरचा गडद पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत काढला, मग मधला, तोवर वरचा वाळून गेला होता आणि भिंतीवर सरळ आडव्या रेघा राहिल्या, दुसऱ्या दिवशी सगळं परत करावं लागलं, फार वाईट वाटलं होतं. तेव्हा आडवं जाऊ नका, साधारण तीन फूट रुंदीचा उभा भाग घ्या, त्यात वरून खाली तिन्ही शेड लावा आणि जिथे दोन शेड भेटतात तिथे ओल्या रंगातच रुंद ब्रश फुलीसारखा तिरका फिरवा. रंग ओढला जायला लागला तर स्प्रे बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा, ओघळ येईल इतका नको. एका भागाची कड ओली असतानाच पुढचा भाग सुरू करायचा, हे सोडून बाकी काही विसरलात तरी भिंत वाचेल.

ढग रात्रभर वाळल्यानंतरच. स्पंज ओला करून घट्ट पिळा, थोडासा पांढरा घ्या, आधी पुठ्ठ्यावर टिपा आणि मग भिंतीवर थोपटा. ढगाचा वरचा भाग फुगीर, खालची बाजू जवळजवळ सपाट, आणि तिथे पांढऱ्यात राखाडी-निळ्याचा थेंब. खिडकी ज्या बाजूला आहे तिकडून उजेड येतोय असं धरा, स्वच्छ पांढरा फक्त त्याच अंगाला. वरचे ढग मोठे आणि सुटे, क्षितिजाजवळचे छोटे, चपटे, जवळजवळ, याने खोली एकदम मोठी वाटायला लागते. खालचे ढग मुलांना करू द्या, स्पंज त्यांच्या हातात छान चालतो आणि भिंत खरंच त्यांची होते.

इंद्रधनुष्य हवंच असेल तर लाल बाहेरच्या कडेला, जांभळा आत, आणि त्याच भिंतीवर सूर्य नको, कारण इंद्रधनुष्य दिसतं तेव्हा सूर्य नेहमी आपल्या पाठीमागे असतो. मुलं असल्या गोष्टी लक्षात ठेवतात.

छतावर रात्र करायची तर काळा नको, गडद निळा घ्या. चांदण्या कुठेही शिंपडण्यापेक्षा एक खरं नक्षत्र काढा, सप्तर्षी सोपे आहेत, त्यांच्या चौकोनाच्या, शेपटीपासून लांबच्या बाजूच्या दोन ताऱ्यांतून, म्हणजे पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ साधारण पाचपट पुढे नेली की ध्रुव. चंद्रकोर काढलीत तर तिच्या पोटात तारा नको, तिथे चंद्राचाच अंधारलेला भाग असतो.

हात लागतो तिथपर्यंत पारदर्शक मॅट वॉटर बेस्ड कोट द्या म्हणजे डाग पुसता येतील. कडांना मास्किंग टेप लावली असेल तर ती शेवटचा हात किंचित ओला असतानाच तिरकी ओढून काढा. वास पूर्ण जाईपर्यंत मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि अंधारात चमकणारा रंग वापरला असेल तर झोपायच्या आधी थोडा वेळ दिवा चालू ठेवायचा, त्या उजेडावरच चांदण्या नंतर चमकतात.