नांगरटीआधी जुन्या ट्रॅक्टरची चाकं आणि वजनं

रब्बीचं रान मोकळं झालं की जुने बी-275 आणि मॅसी 1035 शेडबाहेर निघतात. भारी काळ्या रानात फाळ घुसला की चाक जागेवरच फिरतं, आणि बांधावरून हमखास सल्ला येतो, "टायरात पाणी भर." भरा, पण आधी चाक किती घसरतंय ते मोजा.

मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. नांगर जमिनीत ठेवून चाकाचे 10 फेरे होऊ द्या आणि दोन्ही टोकांना खुंटी रोवा. मग नांगर उचलून ट्रॅक्टर तेवढंच अंतर पुन्हा चालवा आणि फेरे मोजा. साडेआठ ते नऊ फेरे भरले तर कशालाही हात लावू नका. आठच भरले तर वजन कमी पडतंय. साडेनऊच्या वर गेले तर बिडाची वजनं फुकट वाहताय. ती उतरवा, डिझेल वाचेल आणि रानही कमी दबेल. टायरच्या नक्ष्या झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र वजनाने फारसं काही साधत नाही.

12.4-28 च्या (12.4 इंच रुंद, 28 इंची रिमच्या) टायरात पाऊण भाग पाणी म्हणजे साधारण 160 लिटर, तेवढेच किलो. चाक उचलून व्हॉल्व सगळ्यात वर आणा. पाणी व्हॉल्वला टेकलं की बंद. वरची जागा हवेची. आम्ही एकदा हौसेने काठोकाठ भरलं होतं. पाणी काही दबत नाही. बांधावरच्या पहिल्याच दगडाला ट्यूब गेली. नांगरटीला हवा 12 ते 14 पौंड ठेवा.

सोयाबीन 18 इंचावर पेरणार असाल तर चाकांचं अंतर आत्ताच बघून ठेवा. दोन्ही टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 54 इंच आलं की तीन ओळी पोटाखाली राहतात. 12 इंची टायरला दोन्ही बाजूंनी जेमतेम तीन तीन इंच मिळतात, तेव्हा कोळपणीला हात स्थिर हवा. अंतर बदलायला डिस्क (चाकाची मधली तबकडी) आणि रिम उलटसुलट बसवतात, बहुधा चार चार इंचांनी. चाक काढण्याआधी पाणी सोडा. भरलेलं चाक अंगावर आलं तर दोघांनाही आवरत नाही. डावं-उजवं बदललंत तर मागे उभं राहून बघा: नक्षीचं टोक वर हवं.

पुढचं तोंड उचलत असेल तर बंपरवर वजन लावा. ओढायची साखळी मात्र खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढदांडीलाच), अवजार जोडायच्या वरच्या लिंकला कधीच नाही. या ट्रॅक्टरांना डोक्यावर दांडी नसते, मागे उलटला तर चालक खाली.

तासभर चालवून झाला की चाकांचे नट पुन्हा आवळा.